पान्ह्याची सुई

रामबाई बिसेनच्या गोठ्यात सुई चालत नाही, हे आमगावच्या त्या बाजूच्या गावांमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. जनावरांचे डॉक्टर लस टोचायला आले तरी आधी बाटली रामबाईच्या हातात द्यावी लागे. तिला अक्षरं येत नव्हती. ती बाटली उजेडाकडे धरायची, हलवून पाहायची, औषधाचं नाव आणि काम विचारायची, आणि उत्तर पटलं तरच म्हशीच्या मानेवर हात ठेवून उभी राहायची. डॉक्टर हसत, पण रागवत नसत. इतकी तुकतुकीत जनावरं त्यांना दुसरीकडे क्वचितच दिसत.

याला कारण होता तिचा मुलगा तिलक. त्याच्या लग्नाआधीची गोष्ट. एका उन्हाळ्यात चांदी नावाच्या म्हशीचं रेडकू मेलं. रेडकू थानाला लागल्याशिवाय चांदी पान्हा सोडेना. रामबाई तिला सरकीची ढेप चारायची, कासेवरून कोमट पाण्याचा हात फिरवायची, तिच्याशी बोलत बसायची. कधी थोडं दूध मिळे, कधी चरवी रिकामीच राही. तिलकला तेवढा दम नव्हता. आमगावच्या चहावाल्यांना त्याने नुकताच रतीब सुरू केला होता. कोणीतरी त्याला बाजारातून एक छोटी प्लॅस्टिकची बाटली आणून दिली. तिच्यावर ना धड नाव, ना तारीख. त्यातलं औषध टोचलं की म्हैस रेडकाशिवाय, उभ्या उभ्या पान्हा सोडायची. आई गोठ्यात यायच्या आत तिलक सकाळ-संध्याकाळ टोचत राहिला.

पावसाळा सरेपर्यंत चांदी माणूस जवळ आलं की थरथरायला लागली. पुढे ती गाभण राहीना. अंगावरचं मांस उतरलं. गोठ्याच्या वळचणीला रामबाईला ती बाटली सापडली, तेव्हा ती ओरडली नाही. तिने ती उकिरड्यात खोल पुरली आणि मुलाला एवढंच म्हणाली, "माझ्या आंगनात हे पुन्हा दिसलं, तर तू दिसनार नाईस."

चांदीला तिने विकलं नाही. दूध न देता ती आणखी दोन वर्षं त्याच दावणीला जगली. तिलक पुढे चांगला निघाला. हाताने दूध काढू लागला, रेडकाचं पोट भरल्याशिवाय बसेना. आईशी त्याचं बोलणंही सुरळीत झालं. पण सुईचा विषय त्या घरात कोणी काढत नसे.

गोरेगावची रिंकी तिलकची बायको होऊन आली, तेव्हा हे सगळं जुनं झालं होतं. रिंकी बी.ए. झालेली, बोलकी आणि कामाला चटपटीत. लग्नानंतर महिन्याभरातच तिने स्कूटीला दुधाचे कॅन बांधून आमगावचा रतीब स्वतःकडे घेतला. सून अशी उन्हातान्हात हिंडते म्हणून सासरे इंदरलाल थोडे कुरकुरले. रामबाई म्हणाली की दूध वेळेवर पोचतं आहे, मग चाकं कोणाची का असेनात. दोघींचं तेव्हापासून जमलं. फार गोड बोलणं नव्हतं, पण दुपारी गोठ्यात एकमेकींच्या शेजारी बसून चहा प्यायची सवय दोघींना लागली होती.

रिंकीला दिवस गेले, तसा रतीब पुन्हा तिलककडे गेला. ती दर महिन्याला आरोग्य केंद्रात तपासणीला जायची. तिथे शामकला उईके सिस्टर होत्या, देवरीकडच्या जंगलपट्ट्यातल्या. आवाज मोठा, हात हलका. नववा महिना लागला तेव्हा त्यांनी पोटुश्या बायकांना एकत्र बसवून बाळंतपणात काय काय होतं ते समजावलं. बाळ बाहेर आलं की लगेच आईच्या मांडीत एक इंजेक्शन देतात, त्याने गर्भपिशवी आवळते आणि रक्त जास्त जात नाही, हेही सांगितलं. एकीने नाव विचारलं. सिस्टरांनी सांगितलं, ऑक्सिटोसिन.

रात्रीच्या जेवणाला रिंकीने घरी सगळं जसंच्या तसं सांगितलं. औषधाचं नाव ऐकलं आणि तिलकचा घास हातातच राहिला. तो आईकडे बघायचं टाळत होता, आणि रामबाईच्या नजरेतून नेमकं तेच सुटलं नाही. तिने त्याला विचारलं. तो खोटं बोलू शकला असता. पण त्याने मान खाली घालून सांगितलं की त्या बाटलीतल्या औषधाचं नावही बाजारात हेच सांगत होते.

रामबाईने ताट बाजूला सारलं. सुनेला ती सुई लागणार नाही, असं तिने सांगून टाकलं. दवाखान्यात टोचणार असतील तर बाळंतपण घरी होईल. तिची दोन्ही बाळंतपणं याच घरात झाली होती.

रिंकीने वाद घातला नाही, पण दुसऱ्या दिवशी गोठ्यात चहा पिताना ती म्हणाली, "माय, मले दवाखान्यातच जायचं हाये. तुमच्या मनाविरुद्ध जाईन तर तिथं मले भेव वाटन. तुम्ही एकदा सिस्टरसंग बोला. मग जे म्हनाल ते."

पुढच्या दिवशी सकाळची धार आटोपल्यावर रामबाईने स्वच्छ लुगडं नेसलं, तिलकला मोटारसायकल काढू न देता रस्त्यावर जाऊन काळीपिवळी जीपमध्ये बसली आणि एकटीच आरोग्य केंद्रात पोचली.

बाहेरच्या बाकावर ती बराच वेळ बसली. गर्दी ओसरल्यावर शामकला सिस्टर हात पुसत बाहेर आल्या. रिंकी बिसेनची सासू इंजेक्शनाचं बोलायला आली आहे एवढं ऐकताच त्यांचा चेहरा बदलला. दर आठवड्याला कोणाची तरी सासू किंवा आई याच बोलण्यासाठी येई. कळा लांबल्या की घरच्यांचा धीर सुटतो आणि ती सुई देऊन लवकर मोकळी करा म्हणून ते मागे लागतात. म्हणून रामबाई तोंड उघडायच्या आतच सिस्टरांनी सांगून टाकलं, "मावशी, आधीच सांगून ठेवतो. लेकरू बाहेर आल्याशिवाय ती सुई मी देत नाही. कितीही म्हना."

रामबाई त्यांच्याकडे पाहतच राहिली. "मी तर देऊच नको असं सांगाले आली," ती म्हणाली.

मग सिस्टर हसल्या, आणि शेजारी बाकावर बसल्या. असं कोणी आजवर आलं नव्हतं.

रामबाईने चांदीची सगळी गोष्ट सांगितली. सिस्टरांनी ती मधे न तोडता ऐकली. मग त्यांनी विचारलं की तिलकला पहिल्यांदा अंगावर घेतलं तेव्हा पोटात कळ आली होती का. रामबाईला हा प्रश्न विचित्र वाटला. पण तिला आठवत होतं. पोरीच्या वेळी थोडी, तिलकच्या वेळी चांगली जोरात. सुईण म्हणाली होती, पिशवी आवळून राहिली, चांगलं असते.

"रेडकू ढुसण्या मारते, मग म्हैस पान्हावते," सिस्टर म्हणाल्या. "लेकरू लागलं का बाईले पान्हा फुटते आन् पिशवी बी आवळते. दोन्ही काम एकाच रसानं होतात. तो रस आपल्याच आंगात तयार होते, मावशी. ही सुई त्याचीच."

रामबाईने विचारलं, "तर मग माझ्या चांदीचं असं काऊन झालं?"

सिस्टरांनी खांदे उडवले नाहीत, की डॉक्टरी शब्दही वापरले नाहीत. आपण माणसांच्या नर्स आहोत, म्हशीचं नक्की सांगता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या बाटलीत खरंच काय होतं हेही कोणाला कळायला मार्ग नव्हता. पण शरीर जे आपल्या वेळेला तयार करतं, ते रोज दोन वेळा, महिनोन् महिने बाहेरून टोचत राहिलं तर जनावर सुखाने कसं राहील, असं त्या म्हणाल्या. इथे ते बाळंतपणात, बाळ झाल्यावरच देतात. चुकीच्या वेळी दिलं तर बाळाचा जीव गुदमरतो, पिशवी फाटू शकते. म्हणूनच त्या घाई करणाऱ्या घरच्यांशी भांडतात. योग्य वेळी दिलं तर तेच औषध आईला वाचवतं.

मग त्या रामबाईला आत घेऊन गेल्या आणि औषधांचा फ्रिज उघडून एक काचेची इवलीशी कुपी तिच्या तळहातावर ठेवली. कुपी गार होती. उन्हात, कपाटात पडून राहिली तर तिचा जोर जातो, म्हणून ती कायम थंड ठेवावी लागते, असं सिस्टरांनी सांगितलं. रामबाईने ती सवयीप्रमाणे उजेडाकडे धरली. आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ होतं.

"तुमच्या घरात कोनाचं रक्त गेलं होतं का, मावशी?" सिस्टरांनी सहज विचारलं.

रामबाईने कुपी परत दिली. मग म्हणाली, "माझी मोठी जाऊ. लेकरू मोठं गोरंगोमटं झालं होतं. सगळे लेकराकडं पाहून राहिले होते."

एवढंच. जाऊ वाचली नव्हती, हे सिस्टरांना न सांगता कळलं.

निघताना रामबाईने दोन अटी घातल्या. बाळ बाहेर आल्याशिवाय सुई टोचायची नाही, आणि टोचताना ती समोर उभी राहणार. पहिली अट तर आपलीच आहे, सिस्टर म्हणाल्या. आणि बाळंतिणीबरोबर घरची एक बाई आत राहू शकते, तेव्हा दुसरीही मान्य. रामबाई घरी आली, गोठ्यात गेली, आणि संध्याकाळच्या चहाच्या वेळी रिंकीला सांगितलं की दवाखान्यातच जायचं. रिंकीने काय झालं ते विचारलं. रामबाई म्हणाली की सिस्टर बरी बाई आहे, ओरडते फार.

दिवाळी झाली आणि गावोगावी मंडईच्या जत्रा सुरू झाल्या. त्यांच्या गावची मंडई होती त्याच दिवशी सकाळी रिंकीला कळा लागल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं. रामबाईची मुलगी चंचल मुर्रीहून माहेरी आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जिलेबीची, फुग्यांची, बांगड्यांची दुकानं लागत होती आणि दंडार नाचणाऱ्या मंडळींचे ढोल गावात शिरत होते. तिलकने रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन लावला. गाडी आली, पण गर्दीतून वाट मिळेना. तेव्हा इंदरलाल काठी घेऊन गाडीच्या पुढे चालू लागले. दुकानदारांनी आपापली सामानं मागे ओढली, ढोलवाले बाजूला झाले. आत पडल्या पडल्या रिंकीला कळेतही हसू आलं. आपली वरात पहिल्यांदा आली तेव्हा सुद्धा सासरे असे पुढे चालले नव्हते, असं ती शेजारी बसलेल्या रामबाईला म्हणाली. चंचल घर सांभाळायला मागे राहिली होती.

पहिलटकरीण होती. दुपार झाली तरी रिंकी अवघडलेलीच. शामकला सिस्टर मधूनमधून येऊन तपासत होत्या, बाळाचे ठोके ऐकत होत्या, तिला उठवून व्हरांड्यात चालवत होत्या. सगळं ठीक आहे, वेळ लागतो, असं सांगत होत्या. तिलक बाहेर बसून प्रत्येक कण्हणं ऐकत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्यासमोर उभा राहून तो म्हणाला की काही देऊन लवकर होत असेल तर द्या, तिच्याने सहन होत नाही.

सिस्टर बोलायच्या आत दारातून रामबाई म्हणाली, "तिलक. बस खाली."

तो बसला. रामबाई त्याच्याजवळ आली. तो ओरडा खायच्या तयारीनेच बसला होता. पण तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या वेळेला आपल्याला दोन दिवस लागले होते, असं तिने सांगितलं. इंदरलाल तेव्हा विहिरीवर जाऊन बसले होते आणि कोणी बोलावल्याशिवाय परतले नव्हते. तू निदान दारात तरी आहेस, ती म्हणाली. मग ती पुन्हा आत गेली. कित्येक वर्षांत आईने आपल्या डोक्यावर हात ठेवला नव्हता, हे तिलकला ती आत गेल्यावर जाणवलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा रिंकीला प्रसूतीच्या खोलीत नेलं. रामबाई तिच्या उशाशी उभी राहिली. रिंकीने सासूचं मनगट असं धरलं की बांगडी रुतली, पण रामबाईने हात काढला नाही. शेवटच्या जोराला रिंकीच्या तोंडून आवाजही निघाला नाही. बाळ आलं. मुलगी. क्षणभराने रडली, आणि चांगली ठणठणीत रडली. सिस्टरांनी तिला पुसून आईच्या पोटावर ठेवलं.

मग सिस्टरांनी ट्रेमधली कुपी उचलून रामबाईला दाखवली. फ्रिजमधून नुकतीच काढल्यामुळे काचेवर दव आलं होतं. रामबाईने मान हलवली. सुई रिंकीच्या मांडीत गेली, आणि बाळाकडे बघण्यात रिंकीला ती कळलीही नाही. थोड्या वेळाने वारही पूर्ण पडली.

मदतनीस बाई नातीचं नाक कोणासारखं आहे ते रामबाईला विचारत होती. रामबाई नातीकडे पाहत नव्हती. ती रिंकीच्या खालच्या कापडाकडे पाहत होती. सिस्टरांचा हात आधीच रिंकीच्या ओटीपोटावर गेला होता. त्या दाबून बघत होत्या आणि त्यांचं बोलणं थांबलं होतं. पिशवी आवळायला हवी होती, ती मऊच होती. कापड भिजलं. दुसरं ठेवलं, तेही भिजू लागलं.

सिस्टरांनी डॉक्टरांना हाक मारली आणि हाताने पोट गोल गोल चोळायला सुरुवात केली. डॉक्टर हिमांशू शेजारच्याच खोलीत होते. ते लगेच आले. दोघं मिळून भराभर काम करू लागले. सलाईन लागलं. त्यात तेच औषध आणखी घालायचं होतं. कुपी हातात घेतलेल्या सिस्टरांची नजर नकळत रामबाईकडे गेली. त्या थांबल्या नव्हत्या, हात चालूच होता, पण नजर गेली.

"माझ्याकडं पाहू नको, बाई," रामबाई म्हणाली. "लागन तेवढं दे."

सलाईन धावू लागलं. डॉक्टरांनी दुसरं एक इंजेक्शन शिरेतून हळूहळू दिलं आणि ते रक्त थिजून थांबायला मदत करणारं आहे असं रामबाईला सांगितलं. पुढे गरज पडली तर असाव्यात म्हणून जिभेखाली ठेवायच्या गोळ्याही त्यांनी काढून ठेवल्या. गोंदियाला पाठवायची वेळ आली तर म्हणून गाडी दाराशी उभी करायला सांगितलं. रिंकीचा चेहरा पांढुरका पडला होता. तिने हलक्या आवाजात विचारलं, "माय, काय होऊन राहिलं?"

आपल्या जावेने असं काही विचारलं होतं का, हे रामबाईला आठवेना. तेव्हा कोणी तिच्याजवळ नव्हतंच. रामबाई खाली वाकली आणि सुनेच्या कपाळावरचे ओले केस मागे सारत म्हणाली, "रक्त जरा जास्त जाऊन राहिलं. औषध लावलं हाये. मी इथंच हाये, पाहून राहिली. तू लेकीले धर."

सिस्टरांनी बाळाला रिंकीच्या छातीशी लावायला सांगितलं. रामबाईने नातीचं डोकं तळहातावर घेऊन तिला लावलं. म्हशीच्या रेडकांना तिने आयुष्यभर असंच लावलं होतं, तोंड शोधतं तिकडे हळूच वळवून. पोर चुकली, पुन्हा चुकली, आणि मग घट्ट लागली. रिंकी कळवळली. पोटात कळ आली, ती म्हणाली.

"येऊ दे," रामबाई म्हणाली. "चांगली असते ती."

हे काम औषधाचं की पोरीचं की सिस्टरांच्या हाताचं, हे कोणी वेगळं करून सांगू शकलं नसतं. पण सिस्टरांच्या हाताखाली ती मऊ पिशवी हळूहळू घट्ट झाली. त्यांनी थोडं थांबून पुन्हा दाबून पाहिलं. मग नवं कापड ठेवलं, आणि सगळे त्या कापडाकडे बघत राहिले. ते जवळजवळ कोरडंच राहिलं. डॉक्टरांनी नाडी आणि रक्तदाब पाहिला, मग पुन्हा पाहिला, आणि त्यांचे खांदे खाली आले. ठेवलेल्या गोळ्यांची गरज पडली नाही. दाराशी उभी केलेली गाडी परत गेली, आणि खाली थोडं फाटलं होतं तिथे सिस्टरांनी दोन टाके घातले.

सिस्टरांनी रामबाईचा हात धरून रिंकीच्या बेंबीखाली ठेवला. आत एक कठीण गोळा लागला, कवठासारखा टणक. असाच राहिला पाहिजे, सिस्टर म्हणाल्या. मऊ लागला तर मला लगेच हाक मारायची. रामबाईने मान हलवली आणि खुर्ची ओढून पलंगाला लावून बसली. त्या संध्याकाळी तिने तो हात फारसा काढलाच नाही. डॉक्टर तपासायला आले की आधी तिलाच विचारत, मावशी, कसं आहे. ती म्हणे, घट्ट हाये. मग ते स्वतः पाहत आणि तेच म्हणत.

तिलकला आत बोलावलं तेव्हा तो आधी रिंकीजवळ गेला. तिच्या पायाशी उभा राहून रडू लागला. रिंकी म्हणाली की मुलीला बघ, नाहीतर ती मोठी झाल्यावर मी सांगेन की बाप रडत बसला होता. मग त्याने मुलीला घेतलं. बाहेर व्हरांड्यात रामबाई आणि तो थोडा वेळ एकत्र उभे राहिले. तिने त्याला काय घडलं ते सगळं सांगितलं, तीच सुई पुन्हा दिली आणि तिनेच रक्त थांबलं, हेही सांगितलं. तिलकने विचारलं की मग त्या वेळी आपण चांदीला काय दिलं होतं.

"मले माहीत नाई. सिस्टरले बी माहीत नाई," रामबाई म्हणाली. "तू केलं ते खराबच होतं. पन आता ते झालं." थोडं थांबून ती म्हणाली, "उद्या सकाळी तू एकटाच काढ सगळ्याइची धार. मी काई येत नाई इथून."

सगळ्या म्हशींची धार तिने आजवर त्याच्या एकट्याच्या हातात दिली नव्हती. त्याने फक्त "हो माय" म्हटलं.

अंधार पडला तसे इंदरलाल आले. मंडईतली गरम जिलेबी कागदात बांधून आणली होती, आणि घरून चंचलने बाळंतिणीसाठी मऊ भात आणि वरण पाठवलं होतं. शामकला सिस्टरांची ड्यूटी संपली होती, पण त्या घरी गेल्या नव्हत्या. रामबाईने त्यांना बसवून जिलेबी खायला घातली. सिस्टरांनी हात धुतले, दोन्ही पाय लांब करून भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या की आज सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. त्या जिलेबी खात असताना बाहेरून एक माणूस आला. त्याच्या बहिणीला कळा सुरू होत्या आणि ती सुई देऊन लवकर मोकळं करता येईल का, असं त्याने विचारलं. सिस्टरांच्या तोंडात घास होता. रामबाईने त्याला शेजारी बसायला जागा केली आणि विचारलं, "कितवं हाये तिचं?" मग त्या माणसाला ती बराच वेळ समजावत राहिली.

रिंकीला तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, आणि काय दिसलं तर लगेच परत यायचं ते सिस्टरांनी तिलक आणि रामबाई दोघांनाही सांगितलं. रिंकी अजून अशक्त होती, पण ओठांना रंग आला होता. मुलगी दूध प्यायची आणि झोपायची, तेवढंच. नाव ठरलं नव्हतं. चंचलला एक हवं होतं, इंदरलालना दुसरं, आणि रिंकीच्या मनात तिसरंच होतं, पण ती ते इतक्यात सांगणार नव्हती.

घरी सोडायला सरकारी गाडीच आली. रामबाई ड्रायव्हरच्या शेजारी बसली आणि निघताच त्याला हळू चालव म्हणून सांगितलं. त्याने हळू केली. ती आणखी हळू म्हणाली. ड्रायव्हर म्हणाला की मावशी, यापेक्षा हळू तर बैलगाडी जाते. मग बैलगाडीच आहे असं समज, रामबाई म्हणाली. कापलेल्या धानाचे भारे शेतांतल्या बांध्यांमध्ये पडले होते, आणि कुठे कुठे मळणीयंत्राची धूळ उडत होती. मागे रिंकीला हसू येत होतं आणि हसलं की टाके ओढत होते, म्हणून ती तोंडावर पदर धरून, पोरीला उराशी घेऊन, हलत हलत चालली होती.